कप्तानाच्या शर्टाचा तुकडा

"हा डाग कसला म्हणायचा?" पंचांनी कार्ड उजेडाकडे धरलं आणि दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने विचारलं.

ताईच्या कपाळाला आठी पडली. हा माणूस दर रविवारी यायचा, काचेच्या कपाटातून तेच एक कार्ड काढायला लावायचा आणि काही न घेता निघून जायचा. पाणीखात्यातला निवृत्त कारकून. प्रत्येक गोष्टीवर निकाल द्यायची खोड, म्हणून दुकानात सगळे त्याला पंच म्हणत.

खेळाडूंच्या कार्डांचं हे दुकान ताईच्या वडिलांचं. त्यांच्या पश्चात तिने स्वतःच्या हिमतीवर एकच मोठी खरेदी केली, ती या कार्डाची. त्यावर जुन्या जमान्यातला कप्तान. कार्डाला मधोमध छोटी खिडकी, आणि खिडकीत त्याने अंतिम सामन्यात घातलेल्या शर्टाचा तुकडा. पांढऱ्या कापडावर कडेला हिरवट डाग.

"गवताचा," ताई म्हणाली. "मैदानावर खेळत होते ते, दिवाणखान्यात नव्हे."

"कप्तान उभा राहायचा स्लिपमध्ये, गुडघ्यांवर हात ठेवून. जन्मात कधी झेपावला नाही. पोटच आड यायचं. मग गवत आलं कुठून?"

गुरांचे डॉक्टर खो खो हसले. ते दुकानाचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, सह्यांच्या कार्डांवर जीव टाकणारे. पण हसून झाल्यावर त्यांनी खिशातून भिंग काढलं आणि तुकडा बराच वेळ निरखला. ते ताईला फार लागलं.

"मी कधीचा सांगतोय," पंच म्हणाले. "सही नको, कापड नको. पुढे खेळाडूचा चेहरा, मागे आकडे. कार्ड म्हणजे तेवढंच. सही काय, घरात बसून बायकोसुद्धा ठोकून देईल. आणि चिंधीला का तोंड आहे, मी अमक्याची म्हणून सांगायला?"

"आकड्यांचं कौतुक तुम्हालाच," डॉक्टर म्हणाले. "वाचताना मला झोप येते. त्याच सामन्यातला शेवटचा झेल बघा, छापलंय नुसतं 'बदली खेळाडू'. सही असली की कसं, माणूस समोर बसून लिहितोय असं वाटतं."

"झोप येत असेल तर आकड्यांचा दोष नाही," पंच म्हणाले. सगळे हसले. ताई हसली नाही.

पुढच्या काही दिवसांत कुजबुज वाढली. एकाने सहीचं कार्ड परत आणून दिलं, कारण विचारलं तर घरी जागा नाही म्हणाला. डॉक्टर येत, गप्पा मारत आणि रिकाम्या हाताने जात. ताईने कार्ड काढणाऱ्या कंपनीला फोन केला, तर तपासून कळवतो म्हणाले आणि गप्प बसले. या धंद्यात विश्वास एकदा गेला की दुकानाला कुलूपच लावायचं. वडिलांनी आयुष्यभर जपलेलं नाव आपल्या हातून जातंय या विचाराने तिचा जीव कासावीस व्हायचा.

त्यात एका दुपारी, दुकान बंद असताना, तिने पंचांना बाहेर पाहिलं. काचेला नाक लावून ते कपाटाकडे बघत होते. तिला बघताच दचकले आणि चपला फटफटवत निघून गेले.

"याच्या पोटात काहीतरी आहे," ती नवऱ्याला म्हणाली.

"तुला सगळेच चोर दिसतात," नवरा म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी पंच आले. दुकानात चिटपाखरू नाही बघून आले. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलले, मग हळूच म्हणाले, "ते कार्ड खोटंच ठरलंय, तर उगाच अडगळ कशाला? मी घेऊन जाईन म्हणतो. पडेल त्या भावाने."

ताईच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आधी चारचौघांत बदनामी करायची, भाव पाडायचा, मग फुकटात पदरात पाडून घ्यायचं. आणि उद्या परगावच्या बाजारात हेच खरं म्हणून खपवायचं. संतापाने तिचे कान तापले, पण आवाज साखरेसारखा ठेवून ती म्हणाली, "रविवारी या ना. सगळ्यांसमोर निकाल लावू."

रविवारी पंच इस्त्रीचा शर्ट घालून आले. केस पाणी लावून चापून बसवलेले. डॉक्टर होते, नेहमीची मंडळी होती. ताईने कार्ड काढून फळीवर ठेवलं.

"पंचांनी निकाल दिलाय आणि तो मला मान्य आहे," ती म्हणाली. "पण खोटा माल या दुकानातून कोणाच्याच घरी जाणार नाही. पंचांच्याही नाही."

तिने गल्ल्याशेजारची कात्री उचलली.

"अहो ताई, थांबा," पंच पुढे झाले, पण तोवर कात्री कार्डातून आरपार गेली होती. तिने खिडकीतला तुकडा ओढून काढला आणि त्याच्याही बारीक चिंध्या केल्या. डॉक्टरांनी टाळी वाजवली. बाकीच्यांनी माना डोलावल्या. आपण वडिलांची लेक शोभलो, असं ताईला वाटलं.

पंच गुडघे टेकून खाली बसले आणि फरशीवरच्या चिंध्या एक एक करून वेचू लागले.

"डाव फसला की हो," ताई म्हणाली. "आता त्या गोळा करून काय करणार?"

पंचांनी मूठ मिटली. उठायला त्यांना वेळ लागला.

"शर्ट कप्तानांचाच होता," ते म्हणाले. "पाय मुरगळून ते आत आले, आणि संघाचे शर्ट शिवलेले अकराच. मग अंगातला काढून त्यांनी माझ्या अंगात घातला, तो शेवटचा झेल घ्यायच्या जरा आधी. आमच्यासारख्यांची कार्डं निघत नाहीत, ताई. एवढं एकच निघालं होतं, तेही त्यांच्या नावाने."