बयाबाईंच्या चौकटी

सविता उलटून बोलत नाही, हीच बयाबाईंची तक्रार होती. काही सांगा, 'बरं आत्या'. काही सुनवा, 'बरं आत्या'. अशा सुनेशी भांडायचं कसं, आणि लोणावळ्यातल्या चिक्कीच्या दुकानात तिला गल्ल्यावर ठेवायचं कसं? मुंबईची एखादी बाई गोड हसली की हिनं भाव पाडलाच म्हणून समजा.

दिवसभर गल्ल्यावर उभं राहणं बयाबाईंच्या पायांना आता होत नव्हतं. मुलगा पप्पू नवलाख उंबरे गावी कंपनीत कामाला, त्याला दुकानाचं सोयरसुतक नाही. शेजारचा केरबा दुकान भाड्यानं मागत होता. दिवाळीपर्यंत सविताला तोंड फुटलं नाही तर दुकान केरबाला, असं बयाबाईंनी घरात सांगून टाकलं. सविता 'बरं' म्हणाली.

तेवढ्यात पप्पूनं बिलाचा कॉम्प्युटर आणला. पडद्यावरच्या बटणावर बाण नेऊन थांबवला की शेजारी एक लहानशी चौकट उघडायची आणि बटण कशाचं ते सांगायची. चौकटीतला मजकूर आपला आपल्याला लिहिता येतो, हे कळलं आणि बयाबाईंना उपाय सापडला. सुनेला तोंड नाही, तर मशीनला देऊ. त्या दोन इयत्ता शिकलेल्या. मागच्या खोलीत गूळ फोडता फोडता सांगत गेल्या, सविता टाइप करत गेली.

मग कुणी भाव करायला लागलं की सविता अवाक्षर न काढता बाण 'सूट'वर नेऊन ठेवायची आणि पडदा गिऱ्हाइकाकडे वळवायची. गिऱ्हाईक वाचायचं, ओशाळं हसायचं, पुरे पैसे द्यायचं. पुढंपुढं लोक फोटो काढायला लागले. ते हसणं ऐकलं की बयाबाईंचा हात गुळावर जरा जास्तच जोरात पडायचा.

केरबासुद्धा म्हणाला, "मावशी, ते पार्किंगचं लय झोंबतं बगा."

पार्किंगचं आपण काय बोललो, ते बयाबाईंना आठवेना. पण दिवसभरात त्या बोलत तरी किती! त्यातलंच असेल.

"झोंबायलाच सांगितलंय," त्या म्हणाल्या.

दिवाळीच्या तोंडावर सविता एक दिवस माहेरी, बेडशाला गेली. बयाबाई स्टूल ओढून गल्ल्यावर बसल्या. एकानं भाव केला. त्यांनी बाण 'सूट'वर ठेवला आणि पहिल्यांदाच चौकट स्वतः वाचली, अक्षराला अक्षर जोडत.

'पार्किंगवाल्याशी भाव केला होता का? मग इथंच कसं सुचलं?'

त्यांनी सांगितलं होतं, 'दुकानात भाव करू नये.' एवढंच.

त्यांनी बाण 'माल परत'वर नेला. 'पाकीट रिकामं आहे. आवडली नाही, हे कितव्या वडीला कळलं?' मग 'मदत'वर. 'मागे सासूबाई आहेत. जेवून आला असाल तरच विचारा.'

गिऱ्हाईक खो-खो हसलं. बयाबाई हसल्या नाहीत. त्यांनी केरबाला निरोप धाडला, सांजच्याला ये, दुकानाचं मिटवून टाकू.

सविता परतली तेव्हा केरबा नवा सदरा घालून बसला होता. बयाबाईंनी पडदा तिच्याकडे वळवला. सविताचा चेहरा उतरला. पिशवी हातात धरून ती दारातच उभी राहिली.

"केरबा, तू साक्षीला हायेस," बयाबाई म्हणाल्या आणि सुनेकडे वळल्या. "एवढी जहरी जीभ घरात असताना मी दुकान भाड्यानं द्यायला निघालते. उद्यापासनं गल्ला तुझा."