तीनशे बारा क्रियापदं

"अँटिसिपेट, रिलिंक्विश, रिकन्साइल," आग्बेको मास्तरांनी वही छातीशी धरून पुन्हा एकदा घोकलं. समोरच्या बाकावर नऊ वर्षांची नात सेनाम गुडघ्यांवर हात ठेवून बसली होती. मास्तरांनी त्यातलं एक क्रियापद निवडलं आणि जपून एक अख्खं इंग्रजी वाक्य तिच्यापुढे ठेवलं. सेनामने थोडा विचार केला. "येस, ग्रँडपा," ती म्हणाली आणि पुन्हा अंगणातल्या कोंबडीकडे बघू लागली.

नात घानातली, आक्र्याच्या इंग्रजी शाळेत शिकणारी. फ्रेंचचा तिला गंध नाही. मास्तर सरहद्दीच्या अलीकडचे, टोगोतल्या लोमेचे. पस्तीस वर्षं त्यांनी फ्रेंच शाळा चालवली, आणि शाळेत फ्रेंच तर घरातही फ्रेंचच, हा त्यांचा कायदा. फोनवर 'गुड मॉर्निंग' झालं की आजोबा-नात नुसते एकमेकांचा श्वास ऐकत राहायचे. शेवटी मुलगी अकूवी म्हणाली होती, "बाबा, पुढच्या वर्षी सुट्टीत पाठवते तिला. पण कंटाळली तर पुन्हा जबरदस्ती करणार नाही." मास्तर अडुसष्ट वर्षांचे. अशा सुट्ट्या किती उरल्यात, हे त्यांना कळत होतं.

त्याच दिवशी त्यांनी कंबर कसली. अकरा महिन्यांत तीनशे बारा क्रियापदं, तीही वरच्या वर्गाची. नातीपुढे बाळबोध बोलून त्यांना चालणार नव्हतं. काही क्रियापदं फ्रेंचसारखी दिसायची आणि ऐन वेळी दगा द्यायची. काहींना 'अप', 'आउट' अशी शेपटं लागायची आणि शेपूट बदललं की अर्थ पालथा व्हायचा. मास्तर हटले नाहीत. दाढी करताना घोकलं, टपालाच्या रांगेत घोकलं, चर्चमध्ये प्रवचन चालू असतानाही घोकलं.

"पोर नऊ वर्षांची आहे, मास्तर," बायको देदे म्हणायची. "तिला काय कोर्टात उभं करणार आहात?"

"तू तुझं फुफू कांड."

देदे गालात हसायची आणि उकडलेल्या कंदांनी भरलेल्या उखळाकडे वळायची.

सुट्टीचे पाच दिवस गेले. पोर 'येस' आणि 'नो'च्या पुढे सरकली नाही. क्रियापदं कमी पडताहेत, असं मास्तरांनी ठरवलं. सहाव्या दिवशी ते जाडजूड शब्दकोश आणायला वाचनालयात गेले. वाचनालयाला कुलूप होतं. अर्ध्या तासात ते परत आले.

मागच्या अंगणातून हसण्याचा आवाज येत होता. देदेचं मुसळ चाललं होतं आणि त्या ठोक्यावर सेनाम बोलत होती. धडाधड, हातवारे करत, मधेच आजीची नक्कल करत. इंग्रजीत नव्हे, एवे भाषेत. मास्तरांच्या आईच्या भाषेत.

"ऐका हो, गोष्ट ऐका!" सेनामने हाक दिली. ही हाक आली की ऐकणाऱ्याने होकार द्यायचा असतो. त्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. देदेने होकारासाठी तोंड उघडलं, आणि तिला दारातले मास्तर दिसले.

सेनामने वळून पाहिलं. तिचं हसू मावळलं. ती मास्तरांसमोर येऊन उभी राहिली, डोळे घट्ट मिटले आणि मान खाली वाकवली.

ती वाकलेली मान मास्तरांना ओळखीची होती. त्यांच्या शाळेत कुणी एवे बोललं की त्याच्या गळ्यात दोरीत ओवलेलं गोगलगाईचं कवच पडायचं. दुसरं कुणी बोलताना सापडेपर्यंत ते उतरायचं नाही. अकूवीच्या गळ्यात तर ते घरीसुद्धा पडायचं.

"हिला एवे येतं?" मास्तरांनी देदेला विचारलं.

"बापाच्या मांडीवर शिकली. जावई घानातला असला तरी एवेच आहे, विसरलात? अकूवीने कवचाचं सांगून तंबी देऊन पाठवलंय, आजोबांसमोर चुकूनही बोलायचं नाही म्हणून."

"मग अकरा महिने मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलंत?" देदेने मुसळ खाली ठेवलं. "मी चाळीस वर्षं माझ्याच घरात माझी भाषा कुजबुजत बोलते. म्हटलं, शब्द घशात अडकला की कसं होतं, ते मास्तरांनाही कळू दे."

मास्तरांना लाज वाटली. अशी लाज त्यांना आयुष्यात वाटली नव्हती. ते आत गेले. टेबलाचा खण उघडल्याचा आवाज आला. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात कवच होतं आणि सेनामची मान अजून वाकलेलीच होती.

ते तिच्या पुढ्यातल्या बुटक्या स्टुलावर बसले. दोरी पोरांच्या मापाची, त्यांच्या डोक्यातून उतरेना. त्यांनी गाठ सोडली आणि कवच स्वतःच्या गळ्यात बांधलं. दोरी काचत होती. सेनामने हळूच एक डोळा उघडला.

तीनशे बारांतलं एकही क्रियापद मास्तरांना आठवलं नाही. मघाची हाक तेवढी अंगणात अजून ताटकळत होती.

"येऊ दे गोष्ट," आग्बेको मास्तर एवेत म्हणाले.