समीक्षाचं गाऱ्हाणं

देव काही बोलेना.

तातू गुरवाने देवाच्या पाषाणावर दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या होत्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी गळली की होय, डावी आधी गळली की नाही. बाबलीच्या घरात विहीर खणण्यापासून म्हैस घेण्यापर्यंत सगळं असंच कौल लावून ठरत आलेलं. पण आज दोन्ही पाकळ्या चिकटून बसल्या होत्या त्या बसल्याच होत्या.

बाबलीला, समीक्षाच्या बापाला, ते बरंच वाटत होतं. संध्याकाळी पाचच्या आत लेकीने कॉलेजला होकार कळवला नाही, तर तिची जागा दुसऱ्या कुणाला तरी जाणार होती. देवाने आणखी थोडा वेळ काढला, तर बाबलीला स्वतःच्या तोंडाने नाही म्हणावंच लागणार नव्हतं.

कॉलेजात तसं वावगं काही नव्हतं. तीन वर्षांची पदवी. आठवड्याचे दोन दिवस वर्गात शिकायचं, चार दिवस मालवणच्या एका मोठ्या हॉटेलात काम करायचं. फी हॉटेल भरणार, वर दर महिन्याला पोरीच्या खात्यात विद्यावेतन. आणि पदवी विद्यापीठाचीच, इतरांना मिळते तीच. समीक्षाने हे सगळं त्याला पुन्हा पुन्हा समजावलं होतं आणि त्याला ते नीट कळलंही होतं. तेच तर दुखत होतं. पोरीला बाप शिकवतो. हा हॉटेलवाला कोण लागून गेला?

"बाबली, गाराणा नीट जावक नाय," तातू म्हणाला. "तू काय सांगलंस? 'माझ्या चेडवाचा, ह्या पोरीचा, बरा कर.' देव ता करताच. तुका नेमका काय व्हया, ता खंय सांगलंस?"

"सांगलंय मां!"

"काय्येक सांगूक नाय," मागून बाबलीची बायको लक्ष्मी म्हणाली.

तातूला घरी जाऊन गाईची धार काढायची होती. त्याने पाकळ्या काढून ताम्हनात टाकल्या. "जेचा काम, तेना सांगूचा. गो समीक्षा, फुडे ये. तू घाल गाराणा."

बाबली चपापला. या देवळात बाईमाणसाने देवाला गाऱ्हाणं, म्हणजे मोठ्याने साकडं, घातलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं. "तिका खंय येता?"

"बारीक असल्यापासून आयकतंय, बाबा," समीक्षा म्हणाली. ओढणी कमरेला खोचून ती देवासमोर उभी राहिली. आवाज जरा कापरा होता, पण सूर अगदी जागचा.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या तुझा लेकरू तुझ्या पायांकडे इला आसा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मागून तिघांनी होकार भरला. गाऱ्हाण्यात प्रत्येक वाक्याला तो भरायचाच असतो, नाहीतर म्हणणं देवापर्यंत पोचत नाही. बाबलीने हात जोडून डोळे मिटले होते.

"ह्या लेकराक शिकाची हौस आसा. ती तूच दिलंस रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"चार दिवस काम करतलंय, दोन दिवस शिकतलंय. कामाक लाजूचंय नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज बाबलीचाच. उभ्या जन्माची सवय. गाऱ्हाण्याचा सूर कानावर पडला की जीभ विचारायला थांबत नाही.

"माझ्या बापाशीन माका बारावीपर्यंत शिकयल्यान. कसली म्हणान कमी केल्यान नाय. फुडला मी कमवान शिकलंय, तर तेचो मान कमी होवचो नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हा..." शब्द अर्धा बाहेर पडला आणि बाबलीने डोळे उघडले. मानाचं हे दुखणं त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, लक्ष्मीलासुद्धा नाही. पोरीला कुठून कळलं? त्याला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर छातीवरचं ओझंही जरा हललं.

समीक्षाने दम घेतला.

"आता तेना माका हसत धाडूक व्हया. रुसान नाय रे म्हाराजा!"

लक्ष्मी ओठ मिटून खाली बघत होती. तातू समईची वात उगाचच पुढे सारत होता. दोघंही मुद्दाम गप्प बसले होते, हे बाबलीला कळत होतं. होकार भरायला आता तो एकटाच उरला होता. समीक्षाने मागे वळून पाहिलं नाही. तिची पाठ ताठ होती.

बाबलीने उपरण्याने नाक पुसलं.

"व्हय म्हाराजा," तो हळूच म्हणाला.

तातूने ताम्हनातल्या पाकळ्या उचलल्या आणि तो पाषाणाकडे वळला. "लावू मगे कौल?"

"ऱ्हवांदे," बाबली म्हणाला. "पाच वाजाक इले, चेडवाक होकार कळवूचो आसा. देवाक आणि किती तरास देतलंस?"