दिवाणखान्यातला आरसा

मलायातल्या रबराच्या मळ्याचे मालक, सगळ्यांचे बडे तुआन, म्हणजे मोठे साहेब, वारले त्याला तीन दिवस झाले होते. ताप नव्हता, विष होतं, असं डॉक्टर म्हणाला. म्हणून सकाळीच गोरा इन्स्पेक्टर येऊन त्यांच्या मेमसमोर बसला होता.

घरातला हायनानी चिनी स्वयंपाकी फू तियान चहा घेऊन आत गेला.

"शेवटची कॉफी तुझ्याच हातची ना रे?" इन्स्पेक्टरनं वहीतून मान वर न काढता विचारलं.

"केली मी, तुआन. नेऊन दिली मेमनी."

मेम रुमालात तोंड खुपसून हुंदके देत होती. ते हुंदके फू तियानला काही खरे वाटेनात. तिच्याकडे रोखून बघायची सोय नव्हती, म्हणून त्यानं भिंतीवरच्या आरशात पाहिलं.

आरशातली मेम रडत नव्हती. तिनं बोट थेट त्याच्यावर रोखलं होतं. आरशातला इन्स्पेक्टर वही मिटून उठत होता.

फू तियान गर्रकन वळला. मेम हुंदके देतच होती. इन्स्पेक्टर लिहीतच होता.

"साखर किती घालू, मेम?" त्यानं कसंबसं विचारलं.

हुंदके थांबले. मेमनं रुमाल मांडीवर ठेवला आणि सावकाश हात उचलला.