डोहातल्या मूर्तींची पूर्वपीठिका

चौथा कागद चुरगाळून पांढरीपांडे सरांनी टोपलीकडे भिरकावला. तो टोपलीत न पडता उकंडाच्या पायाशी गेला. उकंडानं तो उचलला, तळहातानं सपाट केला आणि पाठकोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यावर ठेवला. कॉलेजचा हा शिपाई काही म्हणजे काही वाया जाऊ देत नसे.

निबंधाचं पोट केव्हाच भरलं होतं. एकेचाळीस पितळी मूर्तींची मापं, वजनं, वर्णनं, सगळं तयार होतं. घोडं अडलं होतं ते तोंडाशीच, प्रास्ताविक आणि पूर्वपीठिकेत. नागपूरच्या इतिहास परिषदेच्या संपादकांनी स्पष्ट कळवलं होतं की मूर्ती कुणाच्या, कुठल्या, नदीत कशा गेल्या, हे आधी नीट मांडा. त्याशिवाय निबंध छापणार नाही. तो आजच्या टपालानं निघायला हवा होता. आणि निबंध छापून आला नाही, तर यवतमाळच्या नोकरीत सर कायम होणार नव्हते. प्राचार्यांनी ते फार गोड शब्दांत दोनदा सांगितलं होतं. घरी बायको रोज विचारी, झालं का लिहून? तो प्रश्न ऐकला की सर ताटावरून उठून जात.

बासष्ट सालच्या उन्हाळ्यात अडाण नदीचा एक डोह आटला. गाडीवाले तिथली रेती उपसायला गेले आणि त्यांच्या फावड्यांना मूर्ती लागल्या. सर बातमी ऐकताच धावले आणि पोतं भरून घेऊन आले. वाट दाखवायला उकंडा बरोबर होता, कारण त्याचं गाव त्याच नदीवर, वरच्या अंगाला दोन कोसांवर होतं.

मूर्ती धुतल्याही त्यानंच, चिंच आणि राख लावून. हात जोडले नाहीत, कपाळ टेकवलं नाही, खरकटी भांडी घासावीत तशा घासल्या. सरांना तेव्हा मोठी गंमत वाटली होती. देवाशी इतका कोरडा माणूस, पण दसरा आला की नागपूरला जायला रजा मागणारच. वर्षाची तेवढी एकच रजा. असते एकेकाला जत्रेची हौस, असं म्हणून सर दर वर्षी त्याच्यासाठी प्राचार्यांकडे शब्द टाकत.

आता डिसेंबर निम्मा सरला होता आणि सर खोलीत येरझाऱ्या घालत होते. बसले की उठावंसं वाटे, उठले की लिहावंसं वाटे.

त्यांचा सगळा भरवसा होता मूर्तींच्या पाठीवर. प्रत्येक मूर्तीच्या पाठीवर तीन आडव्या रेघा होत्या. एकही सुटली नव्हती. पाचवा कागद हातात धरून त्यांनी मोठ्यानं वाचलं, "तीन रेघा म्हणजे त्रिपुंड्र. यावरून सर्व मूर्ती एकाच शैव मठातल्या ठरतात. त्यांचे उपासक उच्चकुलीन व संपन्न असावेत. सुमारे सातशे वर्षांपूर्वी महापुरात हा मठ वाहून गेला असावा."

त्या 'असावा'नं त्यांचं डोकं उठवलं होतं. त्यांनी तो खोडला.

उकंडा दाराशी उभा राहून ऐकत होता. "सर, नदीकाठच्या लोकाईले एकडाव इचारून पाहा ना," तो म्हणाला. हे तो उन्हाळ्यापासून तिसऱ्यांदा सांगत होता.

"सातशे वर्षांमागचं त्यांना काय ठाऊक असणार?"

"मठ वाहून गेला, तं घंटा काहून नाई सापडली? समई नाई, ताट नाई. देवच देव कसे सापडले?"

शिपायानं परीक्षकासारखे प्रश्न विचारावेत याचा सरांना राग आला. तरी त्यांनी निबंधात एक वाक्य वाढवलं. घंटा व समया जड असल्यामुळे त्या वरच्या अंगालाच रुतून राहिल्या. हे लिहिलं आणि बाकीचं कसं भराभर सुचत गेलं. तीनच्या ठोक्याला निबंध लिफाफ्यात गेला आणि उकंडा तो रजिस्टर करायला सायकलवरून पोस्टात निघाला.

तो परत येईतो सरांनी चार वेळा फाटकापर्यंत चक्कर मारली. पावती हातात पडली तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. सहा महिन्यांत प्रथमच ते मोकळं हसले. उकंडाबद्दल त्यांना एकदम माया दाटून आली. बिचारा आपल्याइतकाच राबला, आणि आपण त्याच्यावर खेकसत राहिलो.

कपाटात बेचाळिसावी मूर्ती पडून होती. अंगठ्याएवढी, एक हात मोडलेला, म्हणून निबंधात धरली नव्हती. सरांनी ती काढून उकंडापुढे केली.

"घे. घरी देवघरात ठेव. तुझा हक्कच आहे."

उकंडानं हात पुढे केला नाही.

"का रे? मोडका देव नको?"

उकंडानं सरांच्या तळहातावरच ती मूर्ती बोटानं पालथी केली आणि पाठीवरच्या रेघांवरून अंगठा फिरवला.

"हा आमच्याच घरचा हाये, सर. हात माह्या पोरीनं खेळता खेळता मोडला," तो म्हणाला. "छप्पन साली दीक्षा घेऊन नागपूरहून आलो, आन् साऱ्या मोहल्ल्यानं आपापले देव नदीत सोडले. कोनी काढून परत पुजू नये म्हनून सोडायच्या आंधी म्याच खिळ्यानं रेघा ओढल्या. एक बुद्धाची, एक धम्माची, एक संघाची."