आईचं ‘व्हाइल’

“मिस सग्डेन, त्याला सांगा, घर विकायला मी मोकळा आहे,” माल्कम म्हणाला.

“मिस सग्डेन, त्याला सांगा, इकून दाखीव म्हनावं,” ट्रेव्हर म्हणाला.

दोघं सख्खे भाऊ, साठीच्या घरातले. कोपराला कोपर लागेल एवढ्या जवळ बसले होते, आणि निरोप मात्र वकीलबाईंच्या हाती. हडर्सफील्डच्या त्या कचेरीत बाईंनी पुष्कळ भांडणं पाहिली होती, पण पोस्टमनचं काम पहिल्यांदाच गळ्यात पडलं होतं.

आई, विनिफ्रेड ओल्ड्रॉयड, जाऊन आठवडाही झाला नव्हता. घर दोघांच्या नावावर ठेवून गेली होती आणि मृत्युपत्राच्या शेवटी एक ओळ: ‘घर विकायचं नाही, व्हाइल माझी मुलं एकमेकांशी बोलतात.’

आता, व्हाइल म्हणजे ‘असताना’, हे लंडनचं पोरगंही सांगेल. पण आमच्या यॉर्कशरात व्हाइल म्हणजे ‘पर्यंत’. दुकान नऊ व्हाइल पाच उघडं, म्हणजे नऊपासून पाचपर्यंत. आमचं कधी अडत नाही. अडतं ते लंडनहून कोणी आलं की.

माल्कम लंडनहून आला होता. चाळीस वर्षं तिथे राहून त्याची भाषा रेडिओवरच्या बातम्यांसारखी झाली होती. त्याचं म्हणणं सरळ: बोलत असताना विकायचं नाही. आम्ही बोलत नाही. म्हणजे विकायचं. स्पेनमध्ये समुद्राकाठी त्याने फ्लॅटही बघून ठेवला होता.

ट्रेव्हर जन्मापासून त्याच घरात. आईची शेवटची आजारपणं त्यानेच काढली, आणि घर गेलं तर त्याला दुसरं छप्पर नव्हतं. त्याचंही म्हणणं सरळ: बोलेपर्यंत विकायचं नाही. आम्ही बोलत नाही. म्हणजे विकायचंच नाही.

थोडक्यात, गप्प बसणं दोघांच्याही फायद्याचं होतं, आणि त्याचा सराव दांडगा होता. माल्कमच्या लग्नात बड्या सासरच्या कुणीतरी विचारलं होतं, मुक्काम किती? आई हौसेने म्हणाली, “आम्ही रविवार व्हाइल आहोत.” पाहुणे हसले. नवरामुलगाही हसला. मग ट्रेव्हरने शांतपणे कस्टर्डचा जग उचलला आणि नवऱ्यामुलाच्या कोटावर रिकामा केला. तेव्हापासून बोलणं बंद. याची खबर त्याला आणि त्याची याला आईच पोचवायची.

“त्याला सांगा,” माल्कम म्हणाला, “इंग्लिश भाषेला शब्दकोश असतो.”

“त्याला सांगा, आई शब्दकोशात न्हाई, सैपाकघरात बोलायची.”

“त्याला सांगा, नऊ व्हाइल पाच हा शुद्ध अडाणीपणा आहे.”

ट्रेव्हर खुर्चीसकट वळला. “अडानी कुनाला म्हनतोस रे?”

“तुला!”

“मला न्हाई, आईला म्हनतोस! तवाबी हसलास, आन् आता ती मेल्यावरबी हसतोस!”

“हसलो!” माल्कम ओरडला, आणि चाळीस वर्षांचं लंडन खळकन गळून पडलं. “हसलो मी! तिचं त्वांड बघितलं आन् जीव गेला माझा. माफी मागाया उठलो, तर तू कस्टर्ड ओतलंस! मग कुठल्या तोंडानं मागनार हुतो?”

“फोन करायचा हुतास.”

“केला हुता! तू उचलून आपटलास!”

ट्रेव्हर खाली बघू लागला. आपटला होता खरा.

मिस सग्डेनबाईंनी चष्मा काढला. “म्हणजे तुम्ही आता बोलताय.”

दोघांची मनातल्या मनात आकडेमोड चाललेली चेहऱ्यावर दिसत होती. आधी उजेड पडला माल्कमच्या डोक्यात.

“हे बगा बाई,” तो म्हणाला, “आमच्यात व्हाइल म्हंजी ‘पर्यंत’च. आई दुसरं बोललीच न्हाई कधी. बोलेपत्तूर थांबायचं हुतं, थांबलो. आता बोललो. आता इकायला मोकळे.”

ट्रेव्हरने पाठ ताठ केली, टायची गाठ सारखी केली आणि थेट बातम्या देणाऱ्याच्या सुरात म्हणाला, “माफ करा. इंग्लिश भाषेला शब्दकोश असतो. आम्ही बोलत असताना घर विकता येणार नाही.”

“अरे वा रे साहेब! कवापास्नं?”

“तू गावंढळ झालास तेव्हापासून!”

झालं. पुन्हा जुंपली, पण आता मधे पोस्टमन नव्हता. बाईंनी चहा मागवला. चहा आला, निवला, कुणी घेतला नाही. शेवटी दोघांचेही घसे बसले, तेव्हा माल्कमने राग बाईंवर काढला.

“तुम्ही वकील ना? असला दोन तोंडांचा शब्द लिहूच कसा दिलात?”

“मी म्हटलं होतं तिला,” मिस सग्डेनबाई म्हणाल्या. “विनी, याचे दोन अर्थ निघतात, एक कर. ती म्हणाली, राहू दे गं. एकच अर्थ निघाला तर दोघं गप आपापल्या घरी जातील.”

ट्रेव्हरने बाहीने डोळे पुसले. माल्कमने तेवढंही केलं नाही, नुसता बसून राहिला.

मग ट्रेव्हर म्हणाला, “तुजी लंडनची गाडी कितीची हाय?”

“जाऊ दे गाडी,” माल्कम म्हणाला. “हाय मी. रविवार व्हाइल.”