पेटीचा कान

काचेच्या खोलीतला एसी पेटीसाठी होता. अंबूबाई दाराबाहेर, भट्टीच्या धगीत, हातोडी घेऊन उभी. समोर साखळीला ट्रॅक्टरचे ओतीव भाग टांगलेले. एकेकाला ती हलका टोला द्यायची. चांगला भाग कितीतरी वेळ गात राहायचा, चिरलेला लगेच गप्प व्हायचा. एकोणीस वर्षं फाउंड्रीचा माल तिच्या कानावरून पास होत होता. आज टोला तिचाच. पण निकाल तीही देणार आणि साखळीजवळच्या माईकवरून आवाज ऐकणारी एआयची पेटीही.

धैर्यशील इंजिनिअरनं पेटीवरची धूळ रुमालानं टिपली, वर फुंकरही घातली. अंबूबाईनं पदरानं मान पुसली.

"सवत नशीबवान हाय गं तुजी," शेजारी घासकाम करणारी बायडाबाई म्हणाली.

"एकोणीस वर्सं पंखा मागतीय मी. हिला न मागता गारवा!"

सातव्या भागाला पेटीवर हिरवा दिवा लागला. पास.

"चिरलाय त्यो," अंबूबाई म्हणाली.

धैर्यशीलनं भागावर लाल रंग मारला, पुसला, वर पांढरी फवारणी केली. चिरेत मुरलेला रंग वर आला, पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ उमटली.

"बगा म्हणावं तिला!" अंबूबाईचं तोंड उजळलं. शाबासकीसाठी ती जरा थांबलीसुद्धा.

धैर्यशीलनं टाळी वाजवली आणि पेटीकडंच धावला. "हेच कमी पडत होतं हिला! मावशी, आता एक चांगला, एक चिरलेला असे वाजवत चला. कुठला कसा ते मोठ्यानं सांगा. लई हुशार आहे ही, लगेच शिकेल."

"शिकली की मी काय करायचं?"

"आराम! पुढच्या महिन्यापासनं हिच्यावरच काम, मालक म्हणालेत."

हुशार. हा शब्द या शेडमध्ये अंबूबाईला कुणी कधी म्हटला नव्हता.

तिनं खणखणीत, निर्दोष असा एक भाग निवडला. भोळं पोर पाहुण्यांपुढं घरातलं सांगू लागलं की आई त्याच्या तोंडावर हात ठेवते, तसा डावा तळवा तिनं लोखंडावर दाबून ठेवला. मग टोला दिला.

थप्प.

"ह्यो चांगला," ती म्हणाली. खोटं काहीच नव्हतं.

धैर्यशील पडद्याकडं बघत होता. तिच्या हाताकडं बघायची सवय कुणालाच नव्हती.

"शिकली!" तो म्हणाला.